द्यायला पद नाही, मग बोलायचं काय?

वाचकाचं पत्र

चाकणजवळच्या एका कंपनीत मी उत्पादन विभागाचा मॅनेजर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग आमच्याकडे मशिनिंग होऊन गाडी कंपन्यांना जातात. हाताखाली नऊ इंजिनीअर, बहुतेक डिप्लोमा करून आलेले. यंदा एचआरनं सांगितलं की वर्षाच्या अप्रेझलखेरीज प्रत्येकाशी त्याच्या करिअरबद्दल बोला आणि फॉर्म भरून पाठवा. फॉर्मात पहिलाच प्रश्न, 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?' तिघांशी बोललो. एक म्हणाला, 'तुम्ही म्हणाल तसं, सर.' दुसऱ्यानं पगाराचा विषय काढला. तिसरा माझा सगळ्यात भरवशाचा लाइन इंजिनीअर. तो म्हणाला, 'सगळं ठीक आहे, सर.' पंधरा दिवसांनी त्याचा राजीनामा आला. तो जालन्याकडचा. आता शेंद्र्याच्या एका कंपनीत लागलाय, पगार जवळपास तेवढाच. वाईट याचं वाटतं की आमचा स्वतःचा प्लांट तिकडेच, वाळूजला आहे. अजून सहा जण बाकी आहेत. माझ्याकडे द्यायला प्रमोशन नाही. असिस्टंट मॅनेजरची जागा एकच आणि ती भरलेली. विचारलं तर आशा लागते, नाही विचारलं तर माणूस जातो. बोलायचं तरी काय, आणि सुरुवात कोणापासून करू?

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाळूजचं आहे. पगार तेवढाच असताना माणूस चाकण सोडून शेंद्र्याला जातो, तेव्हा त्याची ओढ बहुधा घराकडची असते. शेंद्रा जालना रस्त्यावरच आहे. शनिवारी पाळी संपवून रात्रीची एसटी धरायची, रविवारी रात्री परत निघायचं आणि सोमवारी डोळे चोळत लाइनवर उभं राहायचं, हे चक्र त्याला थांबवायचं असेल. घरी आईवडील थकले असतील, बायकोची नोकरी तिकडे असेल. नेमकं कारण त्याला ठाऊक. पण त्याला जे हवं होतं ते तुमच्या कंपनीकडे होतं, आणि त्यासाठी कुठलीही नवी जागा निर्माण करावी लागणार नव्हती. 'माझ्याकडे द्यायला काही नाही' हे तुम्ही धरून चालला आहात. ते आधी तपासा.

मग तो बोलला का नाही? कारखान्यांच्या पर्सोनेल, म्हणजे आताच्या एचआर खात्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि हे 'सगळं ठीक आहे' मी फार ऐकलंय. बदली मागितली की 'याचं मन इथं नाही' असा शिक्का बसेल, आणि तो शिक्का इन्क्रिमेंटच्या वेळी आठवला जाईल, अशी भीती असते. ती अगदीच निराधारही नसते. शिवाय आपल्याकडे साहेबासमोर स्वतःचं मागणं मांडायची सवय घरात लागत नाही, शाळेत लागत नाही आणि कंपनीत तर नाहीच. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणारा तुमचा पहिला इंजिनीअर आज्ञाधारक वाटला असेल, पण तो सावध होता. साहेबांच्या मनात काय आहे ते आधी कळू दे, मग माझं सांगतो, असं ते उत्तर आहे.

म्हणून बोलायला बसण्याआधी दोन गोष्टी उघड सांगून टाका. पहिली, इथे जे बोलू त्याचा अप्रेझलशी संबंध नाही. दुसरी, 'तू बाहेर जायचा विचार करतोयस असं सांगितलंस तरी मी ते वर कळवणार नाही.' आणि हे पाळा. एकाच्या बाबतीत जरी फुटलं तरी जेवणाच्या टेबलावर ते सगळ्यांना कळतं, आणि त्यानंतर तुम्हाला कोणीही काही सांगणार नाही. त्याच कारणानं ही बोलणी मार्च-एप्रिलमध्ये ठेवू नका. पगारवाढीचं पत्र हातात पडायच्या आसपास कोणीही मोकळं बोलत नाही. तुमच्या एचआरनं हा फॉर्म त्याच दिवसांत मागितला असेल तर त्यांच्याशी बोलून तारीख पुढे ढकलून घ्या. ही विनंती मॅनेजरनं केली तर ऐकली जाते.

जागेचंही तसंच. शॉपफ्लोअरवरून दिसणाऱ्या तुमच्या काचेच्या केबिनमध्ये कोणी अर्धा तास बसलेला दिसला की बाहेर दहा तर्क सुरू होतात. कॅन्टीन रिकामं असतं तेव्हा तिथे बसा, नाहीतर ट्रेनिंग रूममध्ये. फोन लाइनवरच्या कोणाकडे तरी देऊन या. ब्रेकडाउन झालं म्हणून मधेच उठून गेलात तर तो धागा परत हाती लागत नाही.

आता त्या पाच वर्षांच्या प्रश्नाबद्दल. हा प्रश्न तुमच्या माणसांना विचारणं मला अन्यायाचं वाटतं. इंजिन आणि गिअरबॉक्सचे भाग करणाऱ्या लाइनवरच्या पोराला पाच वर्षांनी ती लाइन असेल का, हेच माहीत नाही. विजेच्या गाडीला पिस्टन लागत नाही, व्हॉल्व्ह लागत नाहीत, क्रँकशाफ्ट लागत नाही, आणि गिअरबॉक्स असलाच तर अगदी साधा असतो. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट हे राहतं. ज्या आकुर्डीनं पेट्रोलवरच्या चेतक स्कूटरचा काळ पाहिला, तिथंच २०२२ मध्ये विजेवरच्या गाड्यांचा कारखाना सुरू झाला. तुमची पोरं रोज त्याच रस्त्यांवरून कंपनीच्या बसनं येतात. त्यांना हे दिसतं. त्यांच्या मनातला खरा प्रश्न बहुधा हा आहे की मी आज जे शिकतोय ते पुढे कोणी विकत घेईल का. तुम्ही तो विषय काढत नाही, ते काढत नाहीत, आणि फॉर्मात मात्र 'टीम लीडर व्हायचंय' असं लिहून होतं.

तो विषय तुम्हीच काढा. कंपनीकडे विजेच्या गाड्यांसाठीचा एखादा नवा पार्ट येतोय का, आला तर कुठल्या लाइनवर, हे तुम्हाला जेवढं सांगायची मुभा आहे तेवढं सांगा. आणि यातलं काय टिकतं ते त्याला समजावून द्या. मापात पाच मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे तेवढ्याच फरकाच्या मर्यादेत काम करायची सवय, भाग पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरची समज, रिजेक्शनच्या मुळाशी जायची शिस्त, ग्राहकाच्या ऑडिटला उभं राहायचं धाडस, ही कौशल्यं कुठल्याही गाडीला लागतात. एकच ठरावीक काम करणाऱ्या स्पेशल पर्पज मशीनवर चार वर्षं काढलेल्या माणसाकडे यातलं फारसं काही नसतं, आणि तो दोष त्याचा नाही. त्याला तिथून हलवणं तुमच्या हातात होतं.

मग विचारायचं काय? भविष्याऐवजी झालेल्या कामापासून सुरुवात करा. त्याबद्दल माणूस न घाबरता बोलतो. 'गेल्या सहा महिन्यांत कुठलं काम असं होतं की जेवायची सुट्टी झाली तरी तुला उठावंसं वाटलं नाही?' 'कुठलं काम समोर आलं की कंटाळा येतो?' 'दुसऱ्या कोणाचं काम बघून वाटतं का, की हे मला यायला पाहिजे?'

एका प्लांटमध्ये एक मॅनेजर ही बोलणी चक्क स्किल मॅट्रिक्सच्या फळ्यासमोर उभं राहून सुरू करायचे. तुमच्या शॉपमध्येही तो फळा असणारच. डावीकडे नावं, वर मशीन आणि कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. शिकतोय तर एक भाग काळा, कोणी बघत असताना करतो तर दोन, एकट्यानं करतो तर तीन, दुसऱ्याला शिकवतो तर चारही. बहुतेक ठिकाणी हा फळा ऑडिटच्या आधी रंगवला जातो आणि मग वर्षभर त्याकडे कोणी बघत नाही. हे मॅनेजर एका पोराला तिथे घेऊन गेले आणि त्याच्या नावापुढची पूर्ण भरलेली पाच वर्तुळं दाखवून म्हणाले, 'यातलं कुठलं उद्यापासून करायचं नाही म्हटलं तर तुला बरं वाटेल?' पोरगा हसला, ग्राइंडिंगवर बोट ठेवलं. मग स्वतःहूनच शेवटच्या रकान्यातल्या, भागांची मोजणी करणाऱ्या सीएमएम मशीनच्या रिकाम्या वर्तुळाकडे दाखवून म्हणाला, 'सीएमएम मला कोणी शिकवलंच नाही, सर. मी दोनदा विचारलं होतं.' दोनदा विचारलं होतं, कोणाला ते मॅनेजरनी विचारलं नाही. त्यांनी फक्त म्हटलं, 'बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तुला लाइनवरून दोन तास सोडतो. क्वालिटीच्या साहेबांशी मी बोलतो.' आणि पुढच्या बुधवारी खरंच सोडलं. त्या दिवशी उत्पादन थोडं कमी आलं असेल, पण त्या पोराला आपल्या साहेबाचा शब्द किती भरवशाचा आहे ते कळलं.

हा प्रसंग इतक्या तपशिलात लिहायचं कारण, ते सीएमएम मशीन तुमच्याही कंपनीत असणारच आणि त्यासाठी कुठल्याही मंजुरीची गरज नाही. अशी कितीतरी कामं तुमच्या अखत्यारीत आहेत. नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्यासाठीची पीपीएपीची फाइल एखाद्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करू द्या. ग्राहकाची तक्रार आली की दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा एट-डी रिपोर्ट आजवर तुम्ही लिहिलात. यापुढे ज्यानं दोष शोधला त्यानंच तो ग्राहकासमोर मांडू दे, तुम्ही शेजारी बसा. पुरवठादाराकडे ऑडिटला जाताना एकाला बरोबर घ्या. तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी सकाळची प्रॉडक्शन मीटिंग दर वेळी त्याच एकानं का घ्यावी? आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकासाठी अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण कंपनी दरवर्षी कोणाला तरी देतेच. त्या नावांच्या यादीत तुमच्या माणसाचं नाव जायला हवं. हे सगळं उद्या त्याच्या बायोडेटावर दिसतं आणि मुलाखतीत त्याला बोलायला काहीतरी मिळतं. हो, बाहेरच्या मुलाखतीतसुद्धा. ते कबूल करूनच हे करायचं.

आता नकाराबद्दल, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. आशा लागेल म्हणून तुम्ही बोलायला कचरता. माझा अनुभव असा की बोलल्यामुळे आशा लागत नाही. 'बघू', 'तुझं नाव वर टाकलंय', 'पुढच्या वर्षी नक्की' या शब्दांनी लागते. ही वाक्यं बोलायची सवय पूर्ण सोडून द्या. त्याऐवजी सरळ सांगा: 'असिस्टंट मॅनेजरची जागा आपल्याकडे एकच आहे आणि येत्या दोन-तीन वर्षांत ती मोकळी होईल असं मला दिसत नाही. झाली तरी तुझ्याबरोबर अजून दोघे आहेत. हे तुला आधीच माहीत असावं म्हणून सांगतोय.' ऐकताना चेहरा पडेल. पडू द्या, लगेच सावरायला जाऊ नका. थोडा वेळ शांत बसा. त्या शांततेनंतर जे वाक्य येतं ते बहुतेक वेळा खरं असतं, आणि तिथून पुढे खरी बोलणी सुरू होतात.

डिप्लोमावाल्यांच्या बाबतीत आणखी एक खरं सांगावं लागतं. अनेक कंपन्यांत एका पायरीनंतर पदवी विचारतात, आणि हे त्यांना कोणी वेळेवर सांगत नाही. मग तिशी उलटली की कोणाच्या तरी सांगण्यावरून माणूस घाईघाईनं लाखभर रुपये भरून पत्रव्यवहारानं इंजिनीअरिंगची पदवी घ्यायला जातो. यात फार माणसं फसली आहेत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या मंजुरीशिवाय अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणानं दिलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१७च्या निकालात त्या पदव्या अडचणीत आल्या. तेव्हा नोकरीत असलेल्या लोकांची झोप उडाली होती. तुमच्यापैकी कोणी अशी जाहिरात घेऊन आला तर फी भरायच्या आधी महाविद्यालयाला आणि त्या अभ्यासक्रमाला एआयसीटीईची मान्यता आहे का, हे त्याच्याबरोबर बसून तपासा. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण पूर्ण वेळाच्या वर्गासाठी नोकरी सोडावी लागते, आणि घर चालवणाऱ्याला ते जमत नाही. २०२३-२४ पासून एआयसीटीईनं नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळांत चालणाऱ्या अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. संध्याकाळचे असे वर्ग कोणाला मिळत असतील, तर त्याला पहिली पाळी लावून देणं हे तुमच्या सहीचं काम आहे. पाळ्या फिरत्या असतील तर बाकीच्यांना विश्वासात घ्या. दोघंतिघं कुरकुरतील. पण एखाद्याची पदवी पूर्ण व्हावी म्हणून साहेबांनी पाळी सांभाळून घेतली, ही गोष्ट माणूस जन्मभर सांगतो.

पगाराचा विषय काढणारा तुमचा दुसरा इंजिनीअर मला आवडला. तो खरं बोलला. 'हे त्यासाठी नाही' म्हणून त्याला गप्प करू नका. पगारवाढ कोण ठरवतं, कधी ठरवतं, त्याच्या ग्रेडची वरची मर्यादा किती आणि तो तिच्यापासून किती लांब आहे, हे जेवढं सांगता येईल तेवढं सांगा आणि त्या विषयाला वेगळी तारीख द्या. घरभाडं, बहिणीचं लग्न, गावाकडचं कर्ज असं काही असेल तर ते या निमित्तानं कळतं, आणि मग त्याला रात्रपाळीचा भत्ता का हवा असतो किंवा दुसऱ्या प्लांटला का जायचं नसतं, याचा उलगडा होतो.

घरचं विचारावं का, असा प्रश्न इथे येतो. विचारावं, पण सगळ्यांना एकच प्रश्न: 'येत्या दोन वर्षांत कामाच्या वेळा, पाळी, गाव, यात तुला काही बदल लागेल असं वाटतं का?' यापुढे तो किंवा ती जेवढं सांगेल तेवढंच. तुमच्या टीममध्ये मुलगी असेल तर लग्न कधी, मुलं कधी, याची चौकशी करू नका. आणि तिच्या वतीनं काही ठरवूनही टाकू नका. 'तिला कशाला पुरवठादाराकडे पाठवायचं, दिवसभराचा प्रवास आहे', असं म्हणून तिला न विचारता नाव गाळलेलं मी पुष्कळ पाहिलंय. तिला विचारा. नको म्हणायचं असेल तर ती म्हणेल.

वर जायचंच नाही अशी माणसंही निघतील. एखादा मशीन लावून देणारा उत्तम सेटर असतो, मशीनचा आवाज ऐकून टूल गेलंय ते सांगतो, आणि त्याला माणसं सांभाळायची अजिबात हौस नसते. त्याच्यावर टीम लीडरपद लादू नका. तुमचा चांगला सेटर जाईल आणि एक दुःखी टीम लीडर पदरात पडेल. त्याच्यासाठी कंपनीत कौशल्याच्या आधारावर वरची ग्रेड आहे का, ते एचआरला विचारा. नसेल तर तशी असावी म्हणून मागे लागा.

अप्रेंटिस पोरांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या शॉपमध्ये ती असणारच. त्यांच्याशी असं कोणीच बोलत नाही. मुदत संपायच्या आठवड्यात गेटपास काढून घेतात तेव्हा त्यांना कळतं. अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत कंपनीनं आपलं धोरण ठरवावं, असं अप्रेंटिस कायद्यात २०१४च्या दुरुस्तीपासून आहे. तुमच्या कंपनीचं धोरण काय आहे ते विचारून घ्या आणि मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी त्या पोरांना स्पष्ट सांगा: इथे घेणार आहोत किंवा नाही. नाही म्हटलं तर ती दुसरीकडे अर्ज करायला मोकळी होतात.

बोलणं झालं की फॉर्म त्याच्यासमोरच भरा, त्याच्या शब्दांत. तुमच्या वहीत आणि त्याच्या वहीत तीन ओळी सारख्याच लिहा: त्याला काय हवं आहे, तो काय करणार, तुम्ही काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. तुमच्या वाट्याची गोष्ट पंधरा दिवसांत होण्याजोगी असू द्या, मग ती कितीही छोटी असो. दोन महिन्यांनी पुन्हा पंधरा मिनिटं बसा. ते होणार नसेल तर पहिली बैठकही घेऊ नका. एकदा विचारून मग विसरून जाणाऱ्या साहेबापेक्षा न विचारणारा साहेब परवडतो, असं लोक मला स्वतः सांगत आले आहेत.

बोलल्यामुळे माणूस जाईल ही भीती उरतेच. ज्याला जायचं आहे त्यानं नोकरीच्या साइटवर बायोडेटा केव्हाच टाकलेला असतो. तुम्ही बोललात तर तुम्हाला दोन-तीन महिने आधी कळतं, त्याच्या जागी दुसऱ्याला तयार करता येतं, आणि कधीकधी वाळूजसारखा तोडगाही निघतो.

सुरुवात कोणापासून, असं तुम्ही विचारलंत. जो तुम्हाला सगळ्यात कमी भेटतो त्याच्यापासून. बहुधा तो रात्रपाळी सांभाळणारा असेल. त्याला दिवसा बोलावून त्याची झोप मोडू नका, तुम्ही त्याच्या पाळीला जा. ज्या दोघांशी आधी बोलणं झालंय त्यांनाही परत बोलवा आणि सांगा की मागच्या वेळी फॉर्म भरला गेला, बोलणं राहिलं. आणि या सगळ्याआधी एक काम एचआरकडून करून घ्या: वाळूजच्या आणि तुमच्या प्लांटमधल्या रिकाम्या जागांची यादी दोन्हीकडच्या नोटीस बोर्डावर दर महिन्याला लागली पाहिजे, आणि अर्ज करताना मॅनेजरची आधी परवानगी लागता कामा नये. हे शेवटचं कलम मॅनेजर लोकांनाच टोचतं. तुम्ही स्वतः ते मागितलंत तर त्याला विरोध करणं बाकीच्यांना जड जाईल.